ठेवून घेतलेली स्क्रीन

"कंपनीनी वस्तू ती कंपनीनी." धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या जीवराम आबांचं हे अहिराणी वाक्य ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते. आबांनी उभी हयात सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये काढली. पट्टे, बेअरिंग, ग्रीसचे डबे, आलं काय आणि गेलं काय, सगळं त्यांच्या नजरेखालून. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खणातली बोटभर उरलेली पेन्सिलसुद्धा टेबलावर काढून ठेवली आणि नव्या माणसाला म्हणाले, ही मिळाल्याची सही दे. तो हसला. आबा हसले नाहीत. प्रामाणिकपणा चांगलाच, त्याला कोण नाही म्हणतं? पण आबांचा प्रामाणिकपणा जरा मिरवणारा होता. लग्नातला फेटा उतरवायचं विसरावं, तसे ते तो घरातही घालून फिरत.

त्यांचा मुलगा हितेंद्र पुण्याच्या एका कंपनीत लागला आणि काम घरूनच करायचं ठरलं, तेव्हा कंपनीनं भलंमोठं खोकं पाठवलं. थर्माकोलचे तुकडे घरभर उडाले. हितेंद्रनं स्क्रीन गादीवर पालथी घातली, तिला मागून पाय बसवला, स्क्रू आवळला आणि आईच्या, लताबाईंच्या, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर ती उभी केली. स्क्रीन कसली, भिंतीतली खिडकीच. पण दोन-चार दिवसांत त्याची मान धरली. वरची कड डोळ्यांच्या रेषेत पाहिजे, म्हणाला. लताबाईंनी जेवायला बसायचा पाट आणून खाली सारला. मग दुपारनंतर पश्चिमेचं ऊन काचेवर पडून अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी जुन्या साडीचा पडदा शिवून खिडकीला लावला. आईनं पोराला न्हाऊमाखू घालावं तशी त्या स्क्रीनची बडदास्त ठेवली गेली.

टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात, एक काळी डबी पडलेली असायची. जेवणाच्या डब्यातल्या एका पुडाएवढी.

"हाई काय शे?" आबांनी एकदा विचारलं होतं.

"काही नही आबा, कंपनीनं डबडं शे. हात नका लाऊ," हितेंद्र कामातून मान न काढता म्हणाला. तेवढंच. उलट स्क्रीनसाठी मात्र रोजची सूचना होती. "आई, स्क्रीनले वला फडका लाऊ नको. कोरडं, मऊ कपडं ले."

आता ज्या वस्तूची एवढी काळजी, तीच खरी वस्तू, असं कुणीही समजेल. दसऱ्याला लताबाईंनी स्क्रीनच्या कडेला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, हात जोडले. टेबलाखालच्या डबड्याला कुणी फुलाची पाकळीही वाहिली नाही.

काम संपलं की हितेंद्र दोघांना हाक मारायचा. फोन भरला की तो त्यातले फोटो आणि व्हिडिओ कॉम्प्युटरात ओतून फोन मोकळा करत असे, आणि मग ते या मोठ्या पडद्यावर दाखवायचा; कुणाला पाठवायचा मात्र नाही, घरी येऊनच बघा म्हणायचा. जळगावला दिलेल्या बहिणीच्या, रूपालीच्या बाळाचं बारसं. शिंदखेड्याच्या शेतातलं भरीत. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजताहेत, लताबाई डोळ्यांतला धूर पुसताहेत. व्हिडिओ काढणारा तोच, त्यामुळे तो दिसायचा कुठेच नाही. त्याची फक्त बडबड ऐकू यायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आईची थट्टा, आबांची नक्कल, मध्येच गाणं. लताबाई त्याच्या बडबडीवरच जास्त हसायच्या.

मग एका रविवारी, रूपालीकडून, जळगावच्या मेहरूणहून मोटरसायकलवर परत येताना, पारोळ्याच्या अलीकडे ट्रकनं त्याला नेलं. फोनचा पार चुरा झाला होता. पोलिसांनी एका पिशवीत जे दिलं, त्यात कुठला तुकडा कशाचा हेही कळत नव्हतं. दशक्रिया झाली, गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले. लोक येतात तोवर दुःखाला पाट मांडलेला असतो. लोक गेले की ते घरातलंच होऊन बसतं, आणि त्याला ऊठ म्हणता येत नाही.

एके सकाळी भाकरी तव्यावर करपली तरी लताबाई हलेनात. आबा स्वयंपाकघरात गेले.

"आयकतस का?" त्या म्हणाल्या. "हितूना आवाज मन्हा कानमाईन जाई ऱ्हायना."

"काय?"

"तोंड दिसस मले. फोटो शे. पन आवाज येत नही. काल दिनभर आठवाले बसनू. नही उना."

आबांनी गॅस बंद केला. मग एकदम आठवलं. "कॉम्प्युटरमा शे ना तो! इतला व्हिडिओ शेतस. रूपाली उनी म्हंजे लाई देई. पासवर्ड तिले माहीत शे."

लताबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी त्यांनी दोन घास जास्त खाल्ले. रूपालीचं बाळ तापानं फणफणलं होतं. ते बरं झालं की ती येणार होती. आता घराला वाट पाहायला काहीतरी होतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. कंपनीतल्या चेलना मॅडम. मूळच्या जळगावच्या, बोलायला मृदू. आधी त्या हितेंद्रबद्दल बोलल्या, मग अडखळल्या. सामान परत मागायचं होतं आणि ते कसं मागावं हे त्यांना कळत नव्हतं.

"मॅडम, संकोच करू नका," आबा म्हणाले. स्टोअरमधला आवाज त्यांच्या गळ्यात आपोआप आला. "कंपनीची वस्तू ती कंपनीची. माणूस पाठवा, माल तयार ठेवतो."

हे शब्द आतल्या खोलीत गेले. लताबाई बाहेर आल्या त्या थेट टेबलापाशी, आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्क्रीनला कवटाळलं.

"स्क्रीन मी देवाव नही."

"अशी काय करस? कंपनीनी शे ती."

"व्हवू दे कंपनीनी. पोऱ्या कोना व्हता?"

जन्मात पहिल्यांदा आबांनी परक्याची वस्तू मागितली. घसा खाकरत, शब्द गिळत, फोनवर म्हणाले, मॅडम, एक विनंती होती, आमच्या घरच्यांचं म्हणणं असं की, ती स्क्रीन जर... पुढचं त्यांना बोलवेना. मॅडमना समजलं. साहेबांना विचारून त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं, "काका, स्क्रीन ठेवून घ्या. तिचं काही नाही. फक्त ती छोटी काळी मशीन आणि कीबोर्ड-माउस पाठवा."

भिंतीएवढी स्क्रीन सोडून पुडाएवढं डबडं मागतात! आवळा देऊन कोहळा काढला, असं आबांना वाटलं, आणि वाटल्याबरोबर लाजही वाटली. मागून घेतलं ते घेतलंच. ती लाज कुठेतरी भरून काढायला हवी होती, आणि नेमकी तशी संधी मॅडमनीच दिली.

"काका, त्या मशीनमध्ये हितेंद्रचं घरचं काही आहे का? आमच्याकडे आली की सगळं पुसून दुसऱ्याला देतात. हवं तर मी थांबते थोडे दिवस. कुणाकडून तरी बघून घ्या."

आबा ताठ बसले. "मॅडम, उभा जन्म स्टोअर सांभाळलंय मी. कंपनीच्या मालात घरचं सामान ठेवायची आमच्या घरात पद्धत नाही. खुशाल पुसा."

"नक्की ना, काका?"

"अगदी नक्की."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रूपालीला एक फोन केला असता तर? पण दुसऱ्याला विचारायची सवय आबांच्या अंगाला कधी लागलीच नव्हती. स्टोअरमध्ये लोक त्यांना विचारत, ते लोकांना नव्हे. त्यांनी डबी कोरड्या कपड्यानं पुसली, वायर गुंडाळली, वर्तमानपत्रात नीट बांधली आणि कुरिअरवाल्याकडून सही घेतल्याशिवाय त्याच्या हातात दिली नाही. त्या दिवशी त्यांना बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं. हे विशेष वाईट.

संध्याकाळी त्यांनी स्क्रीनची वायर बोर्डात घालून पाहिली. खालच्या कोपऱ्यात बारीक दिवा लागला, काचेवर क्षणभर इंग्रजी अक्षरं तरंगली आणि सगळं काळं झालं.

"चालू शे," आबा म्हणाले. "पासवर्ड मांगी ऱ्हायनी व्हई."

लताबाई त्या काळ्या काचेच्या आत डोकावून पाहत राहिल्या. "म्हंजे मझार शे ना तो?"

"शे ना. मझारच शे. जाई कोठे?"

त्या दिवसापासून लताबाई रोज सकाळी मऊ कपड्यानं स्क्रीन पुसायच्या, अगदी हलक्या हातानं. दुपारी ऊन आलं की पडदा ओढायच्या. काम करता करता मध्येच येऊन खुर्चीवर टेकायच्या. शेजारणीला त्यांनी सांगितलंही, माझा पोरगा बोलतो त्यात, रूपाली आली की तुम्हीपण या ऐकायला. शेजारीण बिचारी मान हलवून गेली.

रूपाली आली ती सकाळच्या बसनं, बाळाला काखेत घेऊन. लताबाईंनी तिला चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही. टेबलासमोर दोन खुर्च्या आणि एक स्टूल मांडून ठेवलं होतं. पडदा ओढलेला होता. आबांनी बटण दाबलं. दिवा लागला, अक्षरं आली, गेली.

"दख, पासवर्ड मांगस," आबा म्हणाले.

रूपालीनं भुवया आकसल्या. ती वाकली, स्क्रीनच्या मागे हात घालून चाचपू लागली. मग टेबलाखाली पाहिलं. तिथं जमिनीवर एका वायरीचं मोकळं टोक पडलं होतं.

"आबा, डबी कोठे शे?"

"कोनती डबी?"

"टेबलखालनी काई डबी. कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर हाऊ काय समोर," आबा म्हणाले. "ते डबडं कंपनीनं व्हतं. दिधं वापस."

रूपालीनं ते मोकळं टोक उचलून हातात धरलं. "आबा," ती हळूच म्हणाली, "हाई नुसती काच शे. दुसराकडलं दखाडस, बस. हिनामा काहीच ऱ्हात नही. बठ्ठं त्या डबीमा व्हतं."

लताबाईंना यातलं किती समजलं कोण जाणे. त्या लेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या. आबांना मात्र सगळं समजलं, एका दमात. तरी माणूस आशा सोडत नाही. "मॅडमले फोन लाव," ते म्हणाले. "ठेयेल व्हई."

रूपालीनं फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं असा ठेवला. चेलना मॅडम म्हणाल्या, "ते तर लगेच पुसलं गं. नवीन मुलाला दिलं. काहीच परत येणार नाही त्यातलं, मी विचारून सांगते पुन्हा, पण... मी काकांना विचारलं होतं. दोनदा." आणि घाईघाईनं, "चूक माझीच. मी थांबायला हवं होतं."

फोन बंद झाला. रूपालीनं बापाकडे पाहिलं. "तुमले इचारं व्हतं, आबा? मले एक फोन नही करता उना?"

आबांना खोटं बोलता आलं असतं. मशीन बिघडली, वीज गेली, काहीही. पण आयुष्यभर ज्याची सवय केली नाही ते आता कुठून जमणार? त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच पुसाले सांगं. मन्हा तोंडे सांगं, आपलं काही नही शे, पुसा."

पोरगा दुसऱ्यांदा गेला, असं त्यांना वाटलं. पहिल्यांदा शिव्या द्यायला ट्रकवाला तरी होता.

लताबाई रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर आबांनी ते अंगावर घेतलं असतं, बरं वाटलं असतं. त्या कितीतरी वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या. बाळ रूपालीच्या मांडीवर कुरकुरत होतं. मग त्या आबांच्या खुर्चीकडे वळल्या.

"फोनवर लोके फसेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही उचलात का हितू समजीसन बोलेत. तुमना दोन्हीस्ना आवाज एकच, असं म्हनेत ना बठ्ठा?"

"हां."

"मंग म्हना ना. काम सरनं का स्वयंपाकघरमा ई उभा ऱ्हाये, तसं. आई, भूक लागनी. इतलंच म्हना."

आबांनी रूपालीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्यांनी घसा खाकरला.

"आई, भूक लागनी."

लताबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "नही. असं नही."

आबांनी आवाज थोडा वर नेला, जरा घाईचा केला. "आई, भूक लागनी."

"नही."

ते पुन्हा म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज फाटला, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. लताबाईंनी मान हलवली. मग अचानक त्यांनी डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत भीती होती.

"मंग कसं म्हने वं तो, रूपाली?" त्यांनी विचारलं. "तू तरी सांग. कसं म्हने?"

रूपालीनं सांगायला तोंड उघडलं, आणि तिलाही तो आवाज आठवेना.