धुळाप्पांची पुडी

मी उदबत्ती ओवाळून लक्ष्मीच्या फोटोला हात जोडत होतो, अजून पहिल्या विक्रीची भवानीही झाली नव्हती, आणि त्या म्हाताऱ्याने माझ्या काउंटरवर वर्तमानपत्राची पुडी उलगडली. आत लेंड्या होत्या.

"ओ मामा! उचला ते आधी!" मी ओरडलो. माझा आवाज मोठा आहे. सव्वीस वर्षं मार्केट यार्डाजवळ पेंड विकतोय, तिथे हळू बोलणाऱ्याचं ऐकतो कोण?

म्हातारा जागचा हलला नाही. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, आणि बाहेर एप्रिलचं ऊन. त्याने बंडीच्या खिशातून आणखी दोन पुड्या काढल्या आणि पहिलीच्या शेजारी ओळीने मांडल्या. "ही सोमवारची. ही मंगळवारची. आन् ही आजची, बुधवारची. बगा की."

तेवढ्यात मागून सुकन्या धापा टाकत आली. "काका, चिडू नका. हे माझे आज्जा, धुळाप्पा. सांगोल्याकडनं आलेत, भुरीसाठी."

भुरी म्हटल्यावर मला उलगडा झाला. सुकन्या इथल्या एका बँकेत नोकरीला, जुळे सोलापुरात खोली घेऊन एकटी राहते. पूर्वी पुण्यात तिच्याबरोबर राहणारी मैत्रीण परदेशी निघाली आणि जाताना स्वतःची चिंचिला हिच्या गळ्यात घालून गेली. चिंचिला म्हणजे उंदराच्या कुळातलं थंड डोंगरातलं जनावर. कान मोठे, शेपटी खारीसारखी, आणि अंगावर इतके दाट केस की बोट घातलं तर कातडी सापडत नाही. असल्या जिवाला सोलापूरचं ऊन सोसेल कसं? पोरीने पगारातून आधी एसी बसवला, स्वतःसाठी गादी मागाहून घेतली. पुण्याहून आणलेलं खाद्य संपलं तेव्हा, आठ दिवसांपूर्वी, ती माझ्याकडे आली होती.

इथे माझी अक्कल आडवी आली. आमच्या धंद्यात पेंड पारखतात ती तेलावर. शेंगपेंडीचा तुकडा चिमटीत दाबायचा, बोटाला ओशट लागला की माल चांगला. पोपट, ससे, कुत्री यांच्यासाठी मी एक कोपरा केलाय, तिथल्या पिशव्या मी त्याच सवयीने दाबल्या, हुंगल्या आणि सगळ्यात तेलकट निवडून तिला दिली. शेंगदाणे, सूर्यफुलाचं बी, बेदाणे आणि मधेमधे लाल-हिरव्या गोळ्या. "बघ महिन्यात कशी गुबगुबीत होते," असंही वर म्हणालो.

"सोमवारची तांदळाच्या दाण्याएवढी," धुळाप्पा बोटाने दाखवत होते. "मंगळवारची निम्मी. आजच्या चारच हायत, त्या बी मव्हरीएवढ्या. आवो, धा-बारा वर्साचा हुतो तवापस्नं सकाळी उठून आदी मेंढरं बसल्याली जागा बगतोय मी. रात्री त्येंच्या पोटात काय झालं त्ये लेंडी सांगती. जनावराला बोलता येत न्हाय, पर ह्ये खोटं बोलत न्हाय."

"म्हणजे माझ्या मालाला नावं ठेवताय?"

"व्हय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तुमच्या त्या खाऊतलं बी खातंय, बेदाणं खातंय, आन् गोळी फेकून देतंय. गवताला तोंडच लावंना. मग चारा जायचा कसा पोटात?"

मला संताप आला. जिभेवर बरंच काही आलं होतं. पण सुकन्याकडे पाहिलं तर ती रडत होती. "काका, काल संध्याकाळपासून तिने काहीच खाल्लं नाही. मी पुण्याच्या डॉक्टरांना फोनवर दाखवलं. ते म्हणाले, हा खाऊ आत्ता बंद करा. निव्वळ गवताची साधी गोळी मिळवा, भिजवून सिरिंजने भरवा. उद्या सकाळपर्यंत पोट चाललं नाही तर एसी गाडीने इकडे आणा. पण ती इतकी गळलीय, काका, गाडीत टिकेल का?"

राग उतरायला एवढं पुरे झालं. पुण्याच्या एजंटाने नमुन्याला म्हणून टाकलेल्या, बारक्या जनावरांच्या गोळीच्या तीन पिशव्या माळ्यावर तशाच होत्या. त्या खाली काढल्या. जोडीला म्हशींच्या गोळीपेंडीचं पोतंही दाखवलं.

धुळाप्पांनी पोत्याकडे नुसतं पाहिलं. "ह्यात मळी, युरिया. मोट्या जनावराचं हाय ह्ये. ह्या बारक्या जिवाला न्हाय."

मग त्यांनी जे केलं ते मी सव्वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला करताना पाहिलं नव्हतं. पहिली पिशवी फोडली. गोळी रंगीत, गोडसर वासाची. ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. दुसरीतली गोळी बोटात धरून मोडली, तर तिचा भुगा झाला. हाताला लागलेली पूड त्यांनी माझ्याकडे झटकली. तिसरीतली मोडली आणि बारीकसा आवाज आला. हुंगली. नंतर त्यांनी ती सरळ तोंडात टाकली आणि ते डोळे मिटून चघळत बसले.

"आज्जा!" सुकन्या ओरडली.

"गप. जे आपल्याला थुकावं वाटतंय, त्ये जनावराम्होरं कशाला टाकायचं?" चघळून झाल्यावर ते म्हणाले, "गोड न्हाय. तेलकट न्हाय. वाळल्या गवताची चव हाय. वाईच पानी आना."

मी पाणी आणलं. होय, मी. दोन वाट्या. एकीत दुसऱ्या पिशवीतली गोळी टाकली, एकीत तिसरीतली. आम्ही तिघं काउंटरवर वाकून बघत राहिलो. दारात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी हाताने थांबवलं. पहिल्या वाटीत पिठाची खळ झाली. दुसऱ्या वाटीत गोळी उकलत गेली आणि गवताच्या बारीक काड्या पाण्यावर तरंगू लागल्या.

"ह्ये बगा," धुळाप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ह्ये खरं रान."

सुकन्याने पिशवीवरच्या छापील मजकुराचा फोटो डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं. तंतू भरपूर, तेल कमी, बी नाही, बेदाणा नाही, तारीखही ताजी, हीच द्या. ज्या म्हाताऱ्याला अक्षरओळख नाही, त्याने ते सगळं जिभेने आणि वाटीभर पाण्याने वाचलं होतं. मी मात्र छापलेलं असून वाचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या माणसाचा हात हातात घ्यावासा वाटला.

दुपारी राहवेना. शटर ओढलं आणि सुकन्याच्या खोलीवर गेलो. रस्त्यावर बेचाळीस अंश, आणि आत धुळाप्पा घोंगडी पांघरून कुडकुडत बसलेले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली भुरी. भिजवून पातळ केलेली गोळी ते सिरिंजने तिच्या गालाच्या बाजूने थेंबथेंब सोडत होते. थेंब सोडायचा, थांबायचं, तिने गिळलं की पुन्हा पुढचा. घाई म्हणून नाही. आई मेलेल्या कोकराला असंच पाजतात म्हणाले. त्या राठ बोटांत एवढी माया असेल असं सकाळी मला वाटलं नव्हतं.

"आता बरं वाटलं की पोटभर घालू या," मी म्हणालो.

"न्हाय, मालक. रान बदललं की पयल्या दिशी मेंढरं पोटभर चारायची नसत्यात. फुगत्यात. गोळी चमचाभरच, तीबी सवय लावत लावत. बाकी गवत. गवत मातूर कवा कमी पडू द्यायचं न्हाय."

मी भुरीकडे पाहिलं. मग म्हणालो, "मामा, चूक माझी. मी तेलावर पारख केली."

त्यांनी वर पाहिलंही नाही. "म्हशीला बराबरच हाय की ती. तुमी जनावर न बगता माल बगितला, एवडंच."

एवढंच! सव्वीस वर्षांचा माझा तोरा त्यांनी एका वाक्यात उतरवला, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी मी दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडलं. उदबत्ती लावली. टेंभुर्णीचा बिभीषण पेंडीला टेम्पो घेऊन आला होता. "मालक, धा पोती टाका."

"थांब जरा."

"का वो? माल न्हाय का?"

"माल आहे. तू थांब."

तो बिचारा पोत्यावर टेकला. माझं लक्ष रस्त्याकडे. नऊ वाजले. पुण्याला निघाले असतील का? गाडीत काही झालं असेल का? फोन करायला हात धजेना. सव्वानऊला लाल पटका दिसला. चाल कालसारखीच संथ, चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली आणि दारातच उभे राहिले. काल मी ओरडलो होतो, ते ते विसरले नव्हते.

मी गल्ल्यावरची वही बाजूला केली, तराजू सरकवला, खांद्यावरच्या टॉवेलने काउंटर पुसून काढला. "आणा मामा. इथे ठेवा, फोटोपुढे."

पुडी मीच उलगडली. लेंड्या होत्या. कोरड्या, गोल, पंधरा-वीस तरी.

"सोमवारच्याएवड्या न्हाईत अजून," धुळाप्पा म्हणाले. "पर मंगळवारला मागं टाकलं भुरीनं. पहाटं आपल्या तोंडानं गवत बी वडलं."

 बिभीषण उठून जवळ आला, वाकून बघितलं आणि दचकला. "आवो मालक, सकाळच्या पारी लक्ष्मीम्होरं ह्ये काय?"

"भवानी," मी म्हणालो. "झाली. आता सांग, तुला किती पोती?"