खरखरीत पंखा

खरखरीत वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा आमच्या वर्कशॉपचा नियम. केलेला बाबांनीच. आम्ही पाण्याच्या पंपातले पंखे ओततो, आणि बाबा त्यात तोंड दिसेपर्यंत मशीनवर पॉलिश करायचे. हात थरथरायला लागले तेव्हा मी त्यांना घरी बसवलं. पण बसतील तर ते बाबा कसले!

गाळाच्या पाण्यात पंखे झिजायचे, म्हणून गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. सरकारच्या योजनेनं आम्हाला विद्यापीठाशी जोडून दिलं. तिथल्या मॅडमनी आणि मी पंख्यावर न झिजणारा थर बसवला. दिसायला करडा, हाताला खरखरीत, कागदाइतका पातळ, पण गाळाला पुरून उरणारा. भट्टीत बाकीचे सगळे तडकले, हा एकच जमला. आज मुदतीचा शेवटचा दिवस, योजनेचे साहेब तपासायला येणार. पास झाला तर वर्कशॉप वाचणार, नाहीतर टाळं.

मी साहेबांना आणि मॅडमना घ्यायला फाटकापर्यंत गेले, तेवढ्यात घात झाला. साहेब बाहेर फोनवर बोलत थांबले, मी आणि मॅडम आत येतो तर बाबा पॉलिशच्या मशीनपाशी, हातात तोच पंखा. लखलखीत. करडा थर पार घासून गेलेला.

"असलं कळकट ध्यान दाखवणार होतीस होय साहेबांना? बघ आता, तोंड दिसतंय!"

मशीनवर डोकं आपटावंसं वाटलं.

मॅडम माझ्या कानाशी लागल्या. "अपघात झाला तर मुदत वाढवून मिळते. फक्त ज्याच्या हातून झालं, त्यानं स्वतः साहेबांना सांगायला हवं."

साहेब आत आले, त्यांनी पंखा उलटसुलट करून पाहिला. "थर कुठाय?"

बाबा छाती काढून उभे होते. आजारपणानंतर असे उभे मी पाहिलेच नव्हते. ज्या हातांनी वर्कशॉप उभं केलं, त्याच हातांनी ते बुडवलं, हे त्यांच्याच तोंडून कसं वदवून घेऊ?

"थर टिकला नाही, साहेब," मी म्हणाले.

मॅडमनी मान फिरवली. त्यांची मेहनतही मीच मातीत घातली होती. साहेब हळहळले आणि 'नापास' असा शेरा मारून निघून गेले.

मला हुंदका आवरेना. बाबांनी पाठीवर हात ठेवला. तो थरथरत होता.

"रडू नकोस, पोरी. तुझी काही चूक नाही, माल कच्चा निघाला. मी चमकवला म्हणून निदान साहेबांनी हातात तरी घेतला."