केशरबाईंचा हेल

तेजश्रीनं फळ्यावर ‘करुण रस’ लिहिलं, खाली रेघ ओढली आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या केशरबाईंना वर्गात बोलावलं. पुस्तकातली उदाहरणं पोरं घडाघडा म्हणायची, पण चेहऱ्यावर काही हलायचं नाही. केशरबाई मयतावर हेल काढून रडायला लागल्या की तेलगावातले भले भले बाप्येही मान खाली घालायचे. परीक्षेत करुण रसाला दोनच गुण, तरी तो पोरांनी एकदा कानांनी ऐकावा, असा तेजश्रीचा हट्ट होता.

केशरबाई दारातच थांबल्या.

“मयत नसताना हेल काढत न्हाईत, बाई.”

“दोनच ओळी, मावशी. पोरांना समजावं म्हणून.”

“नाव घ्यावं लागतंय. नावाबिगर शब्दच येत न्हाईत.”

तेजश्री अडखळली. केशरबाईंचा मुलगा शहादेव चार वर्षांपूर्वी ऊसतोडीला निघाला, मांजरसुंब्याला चहासाठी गाडीतून उतरला आणि परत चढलाच नाही. तेव्हापासून दरवर्षी कुणाला तरी तो तिथल्या ढाब्यावर पाठमोरा दिसायचा. एकदा रडून मोकळ्या व्हा, असं भावकीनं केशरबाईंना किती वेळा सांगितलं. त्या रडल्या नाहीत. आईनं हेल काढला की माणूस मेला, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

हे सगळं ठाऊक असूनही तेजश्री म्हणाली, “कल्पनेतलं नाव घ्या ना. गावात कुणाचंच नसलेलं. सुधीर म्हणा.”

“मंग कुणी मरत तर न्हाई ना?”

“नाही हो. कविताच ती.”

केशरबाई भिंतीला टेकून बसल्या. पदर कपाळाखाली ओढला.

“माझ्या सुधीरा रं, तुजी चप्पल दारात वाट बघती रं...”

खुसखुसणारी पोरं पहिल्याच ओळीला गप्प झाली. पुढच्या बाकावरची आरोही हळूच म्हणाली, “बाई, चप्पल वाट बघते. चेतनगुणोक्ती.” तेजश्रीनं कौतुकानं मान डोलावली. त्या क्षणी आपण खूश होतो, याबद्दल तिनं पुढं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

“माझ्या सुधीरा रं, तुजी भाकर फडक्यात वाळली रं...”

आवाज वर चढला. केशरबाईंचे डोळे मिटले होते आणि त्या पुढं-मागं झुलत होत्या.

“च्याचा कप अर्धाच ठिवला रं, गाडी भोंगा देत ऱ्हायली रं, माझ्या शहादेवा...”

केशरबाईंनी गपकन तोंडावर हात दाबला. शहादेव कोण, हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“मावशी, मी...” तेजश्री खडू ठेवून पुढं आली.

केशरबाई भिंतीला धरून उठल्या, पदर नीट केला.

“हौदात पानी हाय का, बाई?” त्यांनी विचारलं. “मला आंघूळ करावी लागंल.”