रेल्वेला वाट देणारं घर

दोन मोठ्या शहरांना जोडणारी वेगवान रेल्वे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून जाणार होती. थांबणार नव्हती, नुसती जाणार होती. त्या शहरांची नावं मी घेत नाही, कारण आपल्या मध्ये आम्ही राहतो हे त्यांच्या गावीही नाही. मी लोणखेड्याचा धर्मेंद्र, सर्वेक्षणाच्या जीपचा ड्रायव्हर. सीमा मॅडम इंजिनिअर. बाई फार सज्जन, आणि सज्जन माणसासारखी डोकेदुखी दुसरी नाही.

मॅडमना वरून सक्त ताकीद होती की रेषेखाली घर येता कामा नये. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर रेषा नेमकी तुळशीबाईच्या घरावरून गेली. मॅडमनी हात जोडले, आम्ही रेषा सरकवतो म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

इकडे गावचे कारभारी रेवजी यांनी विचार केला की एवढी मोठी गाडी लांबून येणार, तर तिला वाट दिली पाहिजे. त्यांनी लाह बोलावली. लाह म्हणजे कुणाचंही काम निघालं की सगळं गाव फुकट राबायला येतं, घरच्या बाईनं फक्त जेवू घालायचं. लोकांनी सागाचे खांब उपटले, कुडाच्या भिंती खांद्यावर घेतल्या, कौलं हातोहात पुढे दिली. घर पलीकडच्या टेकडीवर उभं राहिलं, नेमकं मॅडमनी रेषा सरकवली होती तिथे. यात नवल काही नाही. डोंगरात सपाट जागा मिळते कुठे? आणि ती घरालाही लागते, रेल्वेलाही.

पुढच्या खेपेला मॅडमनी घर पाहून कपाळाला हात लावला. पुन्हा माफी मागितली, पुन्हा रेषा सरकवली. रेवजीही माणुसकीत मागे राहणारे नव्हते, त्यांनी पुन्हा लाह बोलावली. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकत राहतात, तसं हे चाललं. मी मॅडमना म्हटलं, जरा उद्धट वागून पाहा. रेवजींना म्हटलं, तुम्ही तरी जागचे हलू नका. दोघंही माझ्यावरच चिडले. तुळशीबाईचे उडीद संपले, तेव्हा लोक आपापली भाकर बांधून तिच्याकडे जेवायला येऊ लागले.

तुळशीबाई घरात पावरी बोलायची, पण बाजाराच्या ये-जामुळे अहिराणी तिला येत होती. एकदा ती जीपपाशी आली. तिचा मुलगा रूपसिंग गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, जवळ फोन नाही.

"भाऊ, पोऱ्या होळीले येई. घर दखायनं नही ते तो कोठे जाई?"

गावात कुणीही सांगेल, असं मी म्हटलं. पण गावात ज्यानं ज्या लाहेत खांब उचलला, तो तीच जागा सांगणार. मी ही गोष्ट मॅडमच्या आणि रेवजींच्या कानावर घातली. दोघंही हळहळले. मॅडमनी घाईघाईनं रेषा आणखी लांब नेली आणि रेवजींनी घरही.

होळीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या शहराकडून निघालेली मोजणीची तुकडी आमच्या रेषेला येऊन मिळणार होती. तिथे खुंटी ठोकली की रेषा पक्की, मग मलाही हलवता येणार नाही, असं मॅडमनी सगळ्यांना समजावून सांगितलं. घर अर्थातच तिथेच होतं. रेवजी माणसं आणि दोर घेऊन तयार उभे होते. तुळशीबाई दारात बसून जुन्या वाटेकडे बघत होती.

खालून तुकडी चढून आली. पुढच्या माणसाच्या खांद्यावर खुंट्यांचा भारा आणि हातात घण होता. मागून मशीनवाला सांगेल तसा तो चालत होता. चालत चालत तो सरळ तुळशीबाईच्या दारापुढे येऊन थांबला आणि त्यानं मान वर केली.

रूपसिंग होता. उसाचा मुकादम पळून गेला म्हणून तो खुंट्या ठोकायच्या कामाला लागला होता. मायलेक पावरीत काय बोलले ते मला कळलं नाही. तुळशीबाईनं मात्र त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडली, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघू लागलो.

मशीनवाल्यानं दाराच्या तोंडाशी खूण दाखवली. मॅडमनी सवयीनं हात जोडले, रेषा सरकवते म्हणाल्या. रेवजींनी दोर उचलले. तुळशीबाई मध्ये उभी राहिली.

"ठोकू द्या त्याले," ती म्हणाली. "पुढला साल बी पोऱ्याले घर सापडाले जोयजे."

रूपसिंगनं आपल्याच दारात खुंटी ठोकली. माय, ही खुंटी घर पाडायची आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ती इतकी खुशीत होती, की माझं तोंडच उघडलं नाही.