तीन नंबरची खोली

तीन नंबरच्या खोलीत राहिलेलं लेकरू बरं होऊनच घरी जातं, ही अफवा आमच्या निवासात कुणी सोडली त्याला मी अजून शोधते आहे. सापडला तर त्याची धडगत नाही. परभणीत मुलांच्या दवाखान्यामागं आमच्या लिंगायत समाजातल्या व्यापाऱ्यांनी ही इमारत बांधली, लांबून आजारी लेकरं घेऊन येणाऱ्यांची राहायची सोय व्हावी म्हणून. ती मी सांभाळते. आईबापांनी माझं नाव शांतम्मा ठेवलं, पुढं मी अशी निघेन हे त्यांना काय माहीत.

तीन नंबर फाटकाला लागून आहे. रस्त्याची धूळ थेट पलंगावर येते. रक्ताच्या कॅन्सरचं औषध चालू असलं की लेकराच्या अंगात कशाशी झुंजायची ताकद राहत नाही, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतते. म्हणून अशा लेकरांना मी वरच्या मजल्यावर ठेवते. औषध संपत आलं, अंगात बळ आलं, की खाली तीन नंबरमध्ये आणते. तिथून ती घरी जातात, यात खोलीचं कर्तृत्व काहीच नाही. हे सांगून सांगून माझा घसा बसला. लोक मान डोलवायचे आणि जाता-येता त्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचे.

राणीसावरगावचा शिवरुद्र त्यातलाच. गावात किराणा दुकान, बोलायला मऊ, सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय चहाला शिवायचा नाही. त्याची लेक शिवरंजनी सहा वर्षांची. तिची आई बाळंतपणातच गेली. पोरीचे केस गळेपर्यंत तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. दुसरं कुणी नव्हतंच त्याला.

त्या आठवड्यात शिवरंजनीचं रक्त एकदम उतरलं. तिला दवाखान्यात भरती केलं. तिचा गट ओ निगेटिव्ह, बापाचा वेगळा, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नाही. तेव्हा मानवतकडचा काशीनाथ आपणहून पुढं आला. तोही आमच्याच निवासात राहायचा, त्याची लेक साक्षी बरी होत आली होती. "माझा गट त्योच हाय. सकाळी खाऊन येतो, घ्या," एवढंच म्हणाला. शिवरुद्रनं त्याचे पाय धरले.

आणि रक्त द्यायच्या त्याच सकाळी मी काशीनाथच्या कुटुंबाला तीन नंबर दिला.

शिवरुद्र दवाखान्यातून आला तेव्हा काशीनाथ त्या दाराला कुलूप लावत होता.

"ही खोली माझ्या लेकराला पायजे," शिवरुद्र म्हणाला.

"अक्कांना इचारा. मी रगत द्यायलाच जायलोय," काशीनाथ म्हणाला.

मी नळावरून ओरडले, "त्या धुळीत पोर मारायची हाय का तुमाला?"

ही माझी जीभ. शिवरुद्र माझ्याकडं वळला. "तुमीच मारायलाव तिला. वर ठेवून."

त्यानं काशीनाथच्या हातातलं कुलूप हिसकलं, मुठीत धरलं आणि ती मूठ त्याच्या डोक्यात घातली. हाड वाजलेलं मला नळापर्यंत ऐकू आलं. काशीनाथ दारात कोसळला तरी हा त्याच्या छातीवर बसून मारत राहिला, आणि दर घावाला म्हणत होता, माझं लेकरू, माझं लेकरू. काशीनाथची बायको हेमा शिवरुद्रच्या पाठीवर चढली, त्याच्या कानाला चावली, तरी त्याला भान नाही. शेवटी मी कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन धावले आणि त्याच्या मनगटावर हाणलं. तेव्हा कुलूप खाली पडलं.

लोक ज्या उंबऱ्याला हात लावायचे, त्यावरून रक्त पायरीवर आलं. शिवरुद्र त्याकडं बघत राहिला. ते कुणासाठी ठेवलं होतं हे त्याला तेव्हा आठवलं. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी ते गोळा करायला लागला. मला त्याचा इतका राग आला होता, तरी ते बघवलं नाही.

दवाखान्यात काशीनाथच्या डोक्याला टाके पडले. शुद्धीवर येताच त्यानं हात पुढं केला. "घ्या की." डॉक्टरीणबाईंनी तो हात परत पांघरुणात घातला. एवढं रक्त गेलेल्या माणसाचं घेता येत नाही, म्हणाल्या. आणि शिवरंजनी रात्र काढेल याची खात्री नाही, तेही म्हणाल्या.

हेमानं दिराला, अवधूतला, फोन लावला. त्याचाही गट तोच. पण तिनं आधी भावाचं डोकं फुटल्याचं सांगितलं, पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. मोटारसायकलवर थेट निवासात आला तो लोखंडी गज घेऊनच.

"कुटं हाय त्यो?"

शिवरुद्र पायरीवरच बसला होता. पळाला नाही. अवधूतनं गज उचलला. मी मधे पडणार, तोवर दवाखान्यातून हेमा धावत पोचली. तिच्या साडीवर नवऱ्याचं रक्त वाळलेलं. तिनं दोन्ही हातांनी गज धरला.

"मारायचं तर मार, मी आडवी येणार न्हाई. पण आदी चल, रगत दे. ह्याच्या लेकीला पायजे."

"ह्याच्या लेकीला? वैनी, डोकं ठिकाणावर हाय का?"

"आपल्या साक्षीला लागलं तवा कुणाकुणाचं घेतलं? त्यायची नावं तरी ठाव हायत का तुला? चल."

अवधूतनं दातओठ खाल्ले. मग गज माझ्या पायाशी टाकला. "सांभाळा अक्का. येऊन घेतो."

मी शिवरुद्रला पोरीकडं जा म्हटलं. तो हलला नाही. "त्यो परत आल्यावर मी इथं असायला पायजे," म्हणाला.

दुपार कलल्यावर अवधूत आला. कोपरात कापूस चिकटवलेला, तोंड उतरलेलं. "पिशवी भरली. लावायलेत तिला," असं म्हणून त्यानं गजासाठी माझ्यापुढं हात केला.

"गज मिळणार न्हाई. हातानं मार," मी म्हणाले.

त्यानं मारलं. थोबाडीत, पोटात, बरगडीत. शिवरुद्रचा ओठ फाटला, एक दात पायरीवर पडला. त्यानं हात वर केला नाही. अवधूतनं पुन्हा मूठ उगारली आणि जागच्या जागी झोकांडला.

शिवरुद्रनं सुजलेल्या मनगटानंच त्याला सावरलं. पायरीवर बसवलं, उपरण्यानं वारा घातला. मग तोंडातलं रक्त बाजूला थुंकून म्हणाला,

"दमानं, भाऊ. आत्ताच रगत देलास. पाणी पी, थोडं बस. मग मार."