शेजारचा ब्रेक

गाडी चालवायला माणूस आपोआप शिकतो, शिकवावं लागतं ते थांबवायला, असं मास्तरांचं म्हणणं होतं. बावीस वर्षं ते हेच सांगत आले. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी एकच, आणि त्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेकची एक जोडी. शिकाऊ माणूस गोंधळला की मास्तरांचा पाय पुढे जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. कितीतरी जणांना आपल्यासाठी ब्रेक दुसऱ्याने मारला हे कळायचंही नाही. घरी जाऊन ते ऐटीत सांगायचे, आज अगदी वेळेवर थांबवली.

अशा माणसाचा नेमका ब्रेकचाच पाय जायबंदी झाला. चार महिन्यांपूर्वी वह्या-पेन्सिलींच्या दुकानासमोर धडा संपवून मास्तर उतरले. फुटपाथची कड फुटलेली होती, आणि घोटा आतल्या बाजूला असा काही दुमडला की मास्तर दार धरून दोन मिनिटं नुसते हसत उभे राहिले. हसत अशासाठी, की विद्यार्थी बघत होता. "मुरगळला जरासा," ते म्हणाले. त्या 'जरासा'ला आता चार महिने झाले होते.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि फर्मान काढलं, "लिगामेंट अर्धवट फाटलंय. सहा आठवडे बूट. पायावर भार अजिबात द्यायचा नाही." बूट कसला, गुडघ्यापर्यंत पट्ट्याच पट्ट्या असलेलं ते एक धूड होतं. सहा आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी आणखी सहा सांगितले. तेव्हा मास्तरांची थोरली बहीण मध्ये पडली. ताईचा गुडघा एका फिजिओबाईंनी बरा केला होता, आणि तेव्हापासून ताईच्या मते जगातल्या निम्म्या दुखण्यांना त्या बाईच उपाय होत्या.

"बाळ्या, बूट घालून पाय बरे होत असते ना, तर सगळी दुनिया बूट घालून बसली असती," ताई फोनवर म्हणाली. "मी वेळ घेतलीये तुझी. मुकाट्याने जा."

फिजिओबाईंनी घोटा दाबून, फिरवून पाहिला. "फाटलेलं कधीच भरून आलंय. आता दुखतंय ते पाय आखडलाय म्हणून. बूट फेकून द्या. दिवसातून तीनदा टाचा उचला, तीस-तीस वेळा. याच पायावर उभं राहायची सवय करा. थोडं दुखलं तरी चाला."

एक म्हणतो पाय टेकू नका, दुसरी म्हणते त्याच पायावर उभे राहा. इकडे आड, तिकडे विहीर. दुसरा कुणी असता तर एकाचा कागद दुसऱ्यापुढे ठेवून मोकळा झाला असता. पण मास्तरांच्या तोंडून गाडीबाहेर 'नाही' हा शब्द कधी निघालाच नव्हता. त्यांनी डॉक्टरांना हो म्हटलं, फिजिओबाईंनाही हो म्हटलं.

त्यातून दोघांचे दवाखाने एकाच इमारतीत. फिजिओबाई पहिल्या मजल्यावर, डॉक्टर तिसऱ्या. दर मंगळवारी मास्तर खांद्याला मोठी पिशवी अडकवून जायचे. पहिल्या मजल्यावर साध्या बुटात, ताठ चालत. मग जिना चढून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसायचे, पिशवीतून ते धूड काढायचे, पाचही पट्ट्या आवळायचे आणि लंगडत तिसऱ्या मजल्यावर जायचे. खिडकी नसलेला तो जिना, भिंतीवरची ओल, वरून-खालून कुणाच्या पावलांचा आवाज आला की पिशवी पोटाशी धरून आक्रसून बसणं. पन्नाशीच्या माणसाने काय हे करावं! पण इतक्या आठवड्यांनंतर आता कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं? खाली जायची वाट नव्हती आणि वर जायचीही नव्हती.

बरं, दोघांना जे सांगितलं होतं तेही अर्धवटच. डॉक्टरांनी विचारलं होतं, "काम काय करता?"

"बसूनच असतं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बैठं काम चालेल. दिवसातून शंभर वेळा ब्रेक दाबायचं बैठं काम असतं हे त्यांना बिचाऱ्यांना कुठून कळणार? फिजिओबाईंना सांगितलं होतं, बूट केव्हाच सोडला. घरी बूट पायातच असायचा, कारण मास्तरांची बायको डॉक्टरांच्या बाजूची होती आणि बूट न घालता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. सकाळी मास्तर बूट घालून निघायचे, गाडीशी आले की काढून डिकीत टाकायचे. औषध दोघांचं चालू होतं आणि कुणाचंच चालू नव्हतं.

बायको स्कूलचं ऑफिस सांभाळायची. रस्त्यावरच्या खुणांचे वर्ग तीच घ्यायची. शिकवायचा परवाना तिच्याकडेही होता.

"मी बसते ना गाडीत दोन महिने," ती एकदा म्हणाली. "तुम्ही वर्ग घ्या. खुर्ची आहे, तक्ते आहेत."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय. बैठं काम चालेल."

"ब्रेकचं सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं तर!"

तिने कागद पुन्हा एकदा वाचला आणि घडी घालून ठेवला. मास्तरांना हायसं वाटलं नाही. डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. मागे तक्ते, हातात काठी, आणि खिडकीबाहेर आपली गाडी आपल्यावाचून निघून जाते आहे. एकदा त्या सीटवरून उठलो की परत बसायला मिळायचं नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. दोन महिन्यांनी विद्यार्थी म्हणतील, बाईच बऱ्या शिकवतात. मग मास्तर म्हणजे कोण? या सीटवरून उतरलेला माणूस. एवढंच.

म्हणून ते रोज त्याच सीटवर बसत राहिले. डाव्या पायाने ब्रेक मारून पाहिला, पण बावीस वर्षं क्लच दाबणाऱ्या पायाने ब्रेक असा काही आपटला की शेजारच्या विद्यार्थ्याचं कपाळ थोडक्यात वाचलं. मग मास्तरांनी दुसरी युक्ती काढली. पाय कमी आणि तोंड जास्त. "हळू, हळू! समोर बघा! थांबवा!" विद्यार्थ्यांना वाटायचं, मास्तर हल्ली चिडचिडे झालेत. मास्तर भ्यालेले होते.

सध्याच्या विद्यार्थ्यांत चौसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. जन्मभर गणित शिकवलेलं. मास्तर त्यांना बाई म्हणायचे, त्या यांना मास्तर. गाडी शिकायचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"आमच्या ह्यांना डाव्या बाजूचं दिसेनासं झालंय. वर्षभर पठ्ठ्याने बोलून दाखवलं नाही. सिग्नल लाल आहे का हिरवा ते माझा चेहरा बघून ओळखायचे. शेवटी फाटकाचा खांब पाडला तेव्हा कळलं."

"वाईट झालं," मास्तर म्हणाले होते.

"डोळे गेले त्याचा मला राग नाही हो. डोळे काय, माझेही जातील. मी वर्षभर शेजारी बसून डुलक्या काढत होते, त्याचा राग येतो."

तिसरा गिअर टाका, एवढंच मास्तर म्हणाले होते.

बाईंचा बाविसावा धडा गुरुवारी होता. हात चांगला बसला होता, फक्त वळणावर घाई व्हायची. गोदामांच्या रस्त्याला गाडी लागली. एका बाजूला मालाच्या गाड्या ओळीने उभ्या. त्यांतल्या एका उंच गाडीमागून एक माणूस खोक्यांनी भरलेली ढकलगाडी ओढत बाहेर आला. उलटा चालत येत होता, पाठ इकडे. मास्तरांना तो बाईंच्या आधी दिसला. बावीस वर्षांच्या सवयीने पाय उचलला गेला, आणि घोट्यातून कळ निघाली. पाय निम्म्यातच थबकला. ब्रेकपासून चार बोटांवर, हवेत. तोंडातूनही शब्द फुटला नाही. मास्तर फक्त त्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले, शर्टावर घामाचा डाग होता तोही त्यांना दिसला.

गाडी गचका देऊन थांबली आणि बंद पडली. ढकलगाडी आणि बंपर यांत हातभर अंतर राहिलं असेल. माणूस दचकून वळला, दोघांना मनसोक्त शिव्या घालून, घसरलेलं खोकं पुन्हा चढवून चालता झाला.

बाईंनी हँडब्रेक ओढला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून, मास्तर. नाहीतर आज मी माणूस मारला असता."

हो म्हणणं किती सोपं होतं! चार महिने ते दुसरं काय करत होते? फक्त मान हलवायची, म्हणायचं, 'लक्ष असू द्या, बाई,' आणि गाडी चालू करायला सांगायची. कुणालाही कधीही कळलं नसतं. मास्तरांनी आपल्या पायाकडे पाहिलं. तो अजून तसाच, चार बोटांवर अधांतरी होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "ब्रेक तुम्ही मारलात. माझा पाय पोचलाच नाही."

"म्हणजे?"

"पोचत नाही. दुखतो. दाबायच्या आधीच मागे येतो."

बाईंनी धीर दिला नाही, सरळ विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

बाईंनी मनात हिशेब केला असावा, जन्माची सवय ती. "म्हणजे बावीस धडे मी एकटीच चालवत होते," त्या म्हणाल्या. "आणि शेजारच्याने लपवलं, या जन्मात दुसऱ्यांदा."

त्यांनी किल्ली काढली आणि वर्गात चाळे करणाऱ्या मुलाचा चेंडू काढून घ्यावा तशी पर्समध्ये टाकली. "घरी फोन लावा. ही गाडी अशी इथून हलणार नाही."

बायको चालत आली, वीस मिनिटं लागली. तोवर काचा वर होत्या, आत उकडत होतं, आणि काच खाली घेण्याचाही मास्तरांना धीर झाला नाही. बायको आली ती त्यांच्या बाजूला. मास्तरांनी काच उतरवून सगळं सांगितलं. डॉक्टर, फिजिओबाई, पिशवी, जिन्याचं वळण, डिकीतला बूट, 'बसूनच असतं'. मास्तरांना वाटलं होतं ती भडकेल, आणि ती भडकली असती तर बरं झालं असतं.

"उतरा," ती म्हणाली. "मागे बसा."

मास्तर उतरले. दार धरून, एका पायावर, पण या वेळी हसले नाहीत. बायको त्यांच्या सीटवर बसली, सीट पुढे सरकवली, पाय ब्रेकवर ठेवून एकदा दाबून पाहिला. मास्तर मागे बसले. बावीस वर्षांत या गाडीच्या मागच्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते. इथून रस्ता अर्धाच दिसत होता, आणि उरलेल्या अर्ध्यात दोन बायकांची डोकी.

"बाई, मंगळवारच्या त्या इमारतीत जायचंय," बायको म्हणाली. "दोघांचेही कागद एका टेबलावर ठेवू. चालवाल?"

"चालवते. तुमचा पाय ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"माझा ठीक आहे."

बाईंनी किल्ली लावली. गाडी निघाली, गोदामांच्या रस्त्यावरून सावकाश बाहेर पडली. पुढे सिग्नल लाल झाला. बाईंनी अगदी वेळेवर, हलक्या पायाने ब्रेक दाबला. मागे मास्तरांचाही पाय दाबला गेला. पुढ्यात काहीच नव्हतं, नुसती रबराची चटई. तरी दाबला गेला, आणि कळ थेट पोटरीपर्यंत आली.

"दुखतंय," मास्तर म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदाच, मोठ्याने.

बायकोने मागे वळून पाहिलं नाही. तिची नजर रस्त्यावर होती आणि पाय ब्रेकवर.

"कुठे?" तिने विचारलं. "नीट सांगा."

मास्तर वाकले आणि बोटाने चाचपत ती जागा शोधू लागले.