उलटा ठोका

संत पेत्रोचा सण तोंडावर आला आणि माझा नवरा फिलात न्हाणीघराच्या छपरावरून पडला. वर कशाला चढला होता ते त्यालाही धड सांगता येईना. उजवा हात प्लास्टरात! बरं, गळ्यात अडकवून वाजवायची ती भात्याची पेटी, गार्मोन, आमच्या गावात फिलातशिवाय दुसऱ्या कुणाला येत नाही.

सणाला नदीकाठच्या कुरणावर आमच्या आणि पलीकडच्या गावाचा नाच असतो. समोरासमोर उभं राहून पाय आपटायचे, मधेमधे एकमेकांची उणीदुणी काढत गाणी जुळवायची. ज्यांचे पाय आधी थांबतील ते हरले. एका गावाच्या वादकानं दुसऱ्यासाठी एक सूर जरी वाजवला तरी त्याचं गाव हरलं. आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांच्या न्हाणीघरात पाणी भरायचं. मागच्या वर्षी पलीकडच्या पेटीवाल्या येव्सेयच्या घरी मी बादल्या वाहिल्या, आणि तो मेला दारात बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"आई, आमचा बँड वाजवेल की," उस्तिन्या म्हणाली.

उस्तिन्या माझी एकुलती एक लेक. शहरात ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकायचा लांब पितळी भोंगा, वाजवते, केस हिरवे करते.

"तो धिंगाणा? सणाला?"

"एकदा तरी ऐकलायस का गं?"

नव्हता ऐकला. किती वर्षं बोलावत होती, पण मी कधी गायीचं निमित्त केलं, कधी बटाट्यांचं.

"पैज लाव," ती म्हणाली. "जिंकलो तर शहरात येऊन एकदा माझ्याबरोबर गायचं. हरलो तर हा ट्रॉम्बोन पुन्हा या गावात आणणार नाही."

फिलात प्लास्टर खाजवत म्हणाला, "हो म्हण, कापा. एका हातानं मी बादल्या उचलणार नाही, सांगून ठेवतो."

पोरं आली, गोठ्याशेजारी सराव सुरू झाला. ऐकते तर काय, ठोका जिथं पडायचा तिथं यांची गिटार गप्प! ठोका पडून गेला की मग मधल्या फटीत 'च्याक'.

"हे माझंच गाणं ना गं? दूध काढताना म्हणते ते?"

"तुझंच. दुसरं कुणाचं येतं मला?"

"मग स्वेटर उलटा घालावा तसं का घातलंयस?"

"याला स्का म्हणतात, आई. त्यात थोडं पंक, थोडं रॉक."

"गाय आटली तर बघ तुझं स्का आणि फिस्का!"

आठवडाभर मी शिव्या घालत होते आणि पाय आपटत होते.

सणाला सगळं कुरण माणसांनी भरलं. गिटारसाठी ट्रॅक्टरवर जनरेटर आणला होता. आधी पलीकडचे नाचले, मग आम्ही, मग दोन्हीकडचे एकदम. माझा पाय दोनदा चुकला. येव्सेयनं लगेच पेटी हलकी केली आणि गळा काढला:

"कापाच्या पोरीनं नळ आणला,
पितळी, लांब, वाकडा गं!
पाणी येईना, सूर येईना,
नुसताच फुगतो जबडा गं!"

पलीकडचे पोट धरधरून हसले. आणि नेमका त्याच वेळी जनरेटर खोकला नि बंद पडला. गिटार मुकी झाली. घाबरून ढोलवाला थांबला. उस्तिन्यानं ट्रॉम्बोन खाली घेतला.

मी तिचा चेहरा पाहिला. बादल्या गेल्या खड्ड्यात! ही पोर आता घरी येईल ती रिकाम्या हातांनी, आणि जे तिला सगळ्यात आवडतं ते बाहेर ठेवून येईल. तेही माझ्याच गाण्यावर उभं केलेलं.

माझे पाय मात्र थांबले नव्हते. खाली बघते तर टाच पडत होती बरोबर त्या फटीत. शिव्या घालता घालता पायांनी सगळं शिकून घेतलं होतं!

"वाजव गं पोरी!" मी ओरडले. "थांबलीस तर तंगडं मोडीन!"

तिनं ट्रॉम्बोन तोंडाला लावला. त्याला वीज थोडीच लागते! ढोल आला, आमच्या बायकांच्या टाचा आल्या, आणि माझं गोठ्यातलं गाणं कुरणभर उधळलं. देवाशप्पथ, तोवर ते इतकं छान आहे हे मलाच माहीत नव्हतं.

येव्सेयची पेटी अडखळली, थांबली. मग डोळे मिटून त्यानं सूर लावला तो आमचाच, त्याच फटीत, पोरीच्या ट्रॉम्बोनला धरून.

"मेल्या, बोटं आवर!" त्याची बायको किंचाळली. "आपण हरतोय!"

कसली आवरतात! गाणं संपेस्तोवर वाजवत राहिला. त्याच्या गावचेही हसत हसत नाचायला लागले. मीही सोडलं नाही:

"येव्सेयची बोटं फितूर झाली,
माझ्या पोरीच्या सुरात रे!
बादल्या उचल, चल रे बाबा,
पाणी भर न्हाणीघरात रे!"

संध्याकाळी मी दारात बसून बिया फोडत होते. उस्तिन्या शेजारी. येव्सेयनं बादली खाली ठेवली, घाम पुसला, पण जाईचना.

"कापा, शहरात गाणार म्हणे तू. त्यांना पेटीवाला लागत असेल का गं?"

"माझ्या पोरीला विचार. तिचा बँड आहे."

उस्तिन्या हसली. "या की, काका. पेटी कधीची हवी होती मला."

आतून फिलात ओरडला, "आणि माझा हात बरा झाल्यावर मी काय करायचं?"

"पाणी भर!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.